न सुटणारा बोल्ट

यंत्रांचा इतिहास सांगणारी पुस्तके उघडली, तर जोडण्याविषयी पुष्कळ वाचावयास मिळते. आटे कापणारे लेथ कोणी तयार केले, रिव्हेट कशी आली, वेल्डिंग केव्हा सुरू झाले, हे सारे तेथे तारीखवार असते. जोडलेले पुन्हा उघडावे कसे, याविषयी मात्र ही पुस्तके जवळजवळ गप्प असतात. वास्तविक जुनी मोटारगाडी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याला विचारले, तर त्याचा बराचसा वेळ उघडण्यातच जातो असे तो सांगेल. रंग, गाद्या, बंपरची चकाकी या नंतरच्या गोष्टी. आधी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी सहज आवळून ठेवलेला एखादा बोल्ट सोडवायचा असतो. तो सुटला तर ठीक. तुटला तर ज्या ओतीव भागात तो बसला आहे, तो भागही धोक्यात येतो. आणि असा भाग तयार करणारा कारखाना बहुधा केव्हाच बंद पडलेला असतो.

हा बोल्ट इतका हट्टी का होतो आणि त्याचा हट्ट मोडण्याच्या युक्त्या माणसाला कशा सापडत गेल्या, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली हे गाव घेतले आहे. पर्यटकांना ते पांढऱ्या वाळूसाठी आणि पाण्याखालच्या प्रवाळांसाठी ठाऊक असते. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र ती एक उत्तम प्रयोगशाळा आहे.

तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये देवबागच्या टोकापर्यंत निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी, अशी येथील रचना आहे. किनाऱ्यावर लाट फुटली की फेसातील असंख्य बुडबुडे फुटतात आणि त्यांतून उडालेले खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब वारा आत वाहून नेतो. हे मीठ पहिल्या काहीशे मीटरांतच सर्वांत जास्त पडते. तारकर्ली-देवबागच्या बऱ्याच भागात काहीशे मीटर चालले की गाव संपून खाडी लागते. म्हणजे येथे मिठापासून लांब अशी जागा गाडीला जवळजवळ नाहीच.

बरे, पावसाळा संपल्यावर तरी बोल्ट कोरडा होतो काय? तर तसेही नाही. इंग्लंडमध्ये व्हर्नन या संशोधकाने १९२० आणि १९३० च्या दशकांत दाखवून दिले की हवेतील सापेक्ष आर्द्रता एका ठरावीक मर्यादेच्या, साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या, वर गेली की लोखंड एकदम वेगाने गंजू लागते. त्यासाठी पाऊस पडावाच लागतो असे नाही. मीठ असेल तर हे आणखी सोपे होते. शुद्ध मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ७५ टक्के आर्द्रतेला पाणी शोषून विरघळते. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलसर होते. किनाऱ्यावरील घरात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाझरते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तोच ओलावा बोल्टच्या आट्यांत बारा महिने टिकून राहतो.

मालवणच्या हवेचा हा गुण अलीकडे साऱ्या महाराष्ट्राच्या कानांवर पडला तो एका दुर्दैवी घटनेमुळे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवण येथील अभियंत्याने लेखी कळवले होते की समुद्राचा वारा व पाऊस यांमुळे पुतळ्याच्या जोडणीतील नट-बोल्ट गंजू लागले आहेत. पुतळा का पडला हा वेगळा विषय आहे व तो येथे आमचा नाही. नऊ महिन्यांत या हवेत नट-बोल्टांना गंज दिसू लागतो, एवढीच नोंद आम्हांला हवी आहे. मग तीस वर्षे मांगरात उभ्या असलेल्या जीपचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

गंज म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अवघड ठरला. त्याचे पहिले महत्त्वाचे उत्तर मिळाले तेही जहाजाचे खिळे तपासताना. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून संरक्षण म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला आणि ते वेस्ट इंडिजकडे पाठवले. १७६३ साली तपासणी झाली तेव्हा पत्रा बऱ्याच ठिकाणी सुटलेला आढळला, कारण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेले होते. पण काही खिळे धडधाकट होते. बारकाईने पाहता दिसले की कारखान्यातून आलेल्या तांब्याच्या पत्र्याभोवतीचा तपकिरी कागद काही ठिकाणी काढायचाच राहून गेला होता. जेथे तो कागद खिळा आणि तांबे यांच्या मध्ये होता, तेथील खिळा वाचला होता. दोन निरनिराळ्या धातूंचा समुद्राच्या पाण्यात स्पर्श झाला तर त्यांतील एक झपाट्याने खाल्ला जातो, हे त्या कागदाने दाखवून दिले. व्होल्टाची विद्युत्घटमाला अजून सदतीस वर्षे दूर होती, त्यामुळे याचे कारण मात्र त्या वेळी कोणालाच सांगता आले नाही.

ते कारण हाती घेऊन १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी उलटी युक्ती केली. तांब्याचा पत्राही समुद्रात हळूहळू झिजतो. त्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तो तुकडा झिजतो व तांबे वाचते. प्रयोग यशस्वी झाला, पण गंमत अशी की वाचलेले तांबे पाण्यात विरघळेना, त्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या तळावर कालवे-शिंपल्यांची दाटी झाली. आरमाराने ती योजना सोडून दिली. आज बोटींच्या व नळांच्या संरक्षणासाठी जस्ताचे तुकडे सर्रास जोडतात, ती डेव्ही यांचीच कल्पना होय.

आपल्या किनाऱ्यावरील होडीवाल्यांनी हा पेच निराळ्या वाटेने सोडवला होता. कोकण-गोव्याकडच्या रापणीच्या कितीतरी होड्यांत पूर्वी खिळा नसेच. फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवत आणि वरून तेल चोपडत. शिवण जुनी झाली की कापून टाकायची, फळ्या सुट्या करायच्या आणि पुन्हा शिवायच्या. ही जोडणी मुळातच पुन्हा उघडण्यासाठी केलेली असे, हा मुद्दा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज याच शिवणपद्धतीने गोव्यात बांधलेले आहे.

आता पुन्हा लोखंडाकडे येऊ. १९०३ साली अमेरिकेत विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया आहे असे प्रतिपादन केले, आणि १९२० च्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी एका थेंबात ती डोळ्यांना दाखवली. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवायचा. त्यात थोडे फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेले असते. काही मिनिटांत थेंबाची कडा गुलाबी होते आणि मधला भाग निळा. गुलाबी रंग म्हणजे तेथे हवेतील ऑक्सिजन वापरला जाऊन अल्क तयार होत आहे. निळा रंग म्हणजे तेथे लोखंड विरघळत आहे. हवा कडेला भरपूर मिळते आणि मध्यभागी कमी. म्हणजे लोखंड खाल्ले जाते ते जेथे हवा कमी पोहोचते तेथे! पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. आमच्या अनुभवाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्यांनाही ते पटायला वेळ लागतो.

पण मेस्त्र्याच्या नेहमीच्या एका तक्रारीचे उत्तर याच थेंबात आहे. बोल्टचे डोके बाहेरून चांगले दिसते, थोडा लाल रंग एवढेच. पाना लावून जोर दिला की डोके अलगद हातात येते आणि दांडा आतच राहतो. असे का? आट्यांची अरुंद फट म्हणजे थेंबाचा मध्यभाग. तेथे ऑक्सिजन कमी, क्लोराइड मात्र साचत जाते, पाणी आम्लधर्मी होते आणि दांड्याची कंबर आतल्या आत बारीक होत जाते. बाहेरचे डोके गुलाबी कडेसारखे, म्हणजे पुष्कळसे सुरक्षित असते.

हे झाले कमजोर होण्याचे. घट्ट बसण्याचे कारण आणखी वेगळे आहे. १९२३ साली पिलिंग आणि बेडवर्थ यांनी धातू व त्यापासून बनणारे ऑक्साइड यांच्या आकारमानांची तुलना मांडली. एक घन सेंटिमीटर लोखंडाचे फेरिक ऑक्साइड झाले, तर ते दोन घन सेंटिमीटरांहून थोडी अधिक जागा व्यापते. ओलसर हवेतील गंज, म्हणजे हायड्रॉक्सिल असलेले ऑक्साइड, सुमारे तिप्पट जागा घेतो. आता नट व बोल्ट यांच्या आट्यांत अर्ध्या दशांश मिलिमीटरची, म्हणजे ०.०५ मि.मी.ची फट आहे असे धरू. ०.०२५ मि.मी. जाडीचे लोखंड गंजले की त्याचा ०.०७५ मि.मी. गंज होतो. त्यातील ०.०२५ मि.मी. त्याची स्वतःची जुनी जागा आणि उरलेला ०.०५ मि.मी. म्हणजे सगळी फट. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके लोखंड गेले की फट भरली! त्यापुढे होणारा गंज दाब देऊ लागतो. हाच दाब किनाऱ्यावरच्या घरांत खिडकीच्या गजाभोवतीचे सिमेंट फोडतो आणि स्लॅबचे पापुद्रे पाडतो. गंजलेला बोल्ट चिकटलेला नसतो, तो पाचर मारल्यासारखा आवळलेला असतो. वंगण घालून तो का सुटत नाही, ते यावरून कळावे.

गंजाखेरीज आणखी एक शत्रू आहे, आणि तो माणसानेच निर्माण केला आहे. चुकीचा पाना! बोल्टच्या षट्कोनी डोक्याचे कोपरे झिजून ते ‘गोल’ झाले की उत्तम अवस्थेतला बोल्टही निघत नाही. या गोल डोक्यांमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला ठरलेले आटे. जगातले पहिले राष्ट्रीय प्रमाण म्हणता येईल असे ते होते. १८६४ साली फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन पुढे आणला, कारण तो कापायला सोपा होता. युरोप खंडात मेट्रिक आटे रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश यंत्रांना अमेरिकी बोल्ट बसेनात, तेव्हा याची खरी किंमत कळली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकाच इंची आट्यावर सहमती केली.

हे सर्व प्रकार भारतात एकाच वेळी नांदले. मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९४७ साली क्रायस्लर कंपनीच्या मोटारी जुळवायला घेतल्या. त्या अमेरिकी इंचाच्या. पुढे त्याच कारखान्यातून फियाट निघू लागल्या, त्या मेट्रिक. ब्रिटिश मॉरिस आणि तिच्यावरून बनलेली अ‍ॅम्बॅसडर यांचे माप पुन्हा इंची. महिंद्रांची जीप मुळात अमेरिकी विलिस. पुढे तिच्यातच फ्रेंच प्यूजो जातीचे डिझेल इंजिन बसू लागले, म्हणजे एकाच गाडीत दोन देशांची मापे. १९५६ साली देशाने वजनमापांचा मेट्रिक कायदा केला, पण रस्त्यावरच्या गाड्यांना तो कोण सांगणार?

हिशेब करून पाहू. जुन्या पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचे डोके समोरासमोरच्या बाजूंत ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मि.मी. असते. त्यावर १३ चा पाना चढत नाही. १४ चा चढतो, पण ०.७ मि.मी. सैल. जोर दिला की पाना बाजूंवर न बसता फक्त कोपऱ्यांवर बसतो आणि कोपरे मऊ लोण्यासारखे सरकतात. शिवाय व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेला आकडा हा डोक्याचा नसून बोल्टच्या दांड्याचा असतो, अमेरिकी पान्यावरचा आकडा डोक्याचा. गॅरेजमधील नवशिक्या पोराने गोंधळावे यात नवल नाही. यावर कडी म्हणजे मॉरिस कंपनीची काही इंजिने. १९२३ साली मॉरिसने कॉव्हेंट्रीतील हॉचकिस हा फ्रेंच वळणाचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडीत. ती तशीच चालू ठेवली गेली, पण ब्रिटिश पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची ठेवली! एम. जी. मोटारींच्या जुन्या इंजिनांत हे बेणे सापडते. डोके एका देशाचे आणि आटे दुसऱ्या देशाचे.

आणखी एक फसवा प्रकार सांगायलाच हवा. जुन्या विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या, म्हणजे डाव्या आट्यांचे असतात. क्रायस्लरच्या गाड्यांतही ही पद्धत होती. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत, ही त्यामागची कल्पना. ज्याला हे ठाऊक नाही तो नेहमीप्रमाणे सोडवायला जातो आणि प्रत्यक्षात नट अधिकाधिक आवळत राहतो. शेवटी पान्याला नळी लावून लांबी वाढवतो आणि बोल्ट पिळवटून तुटतो. गंजाचा काही संबंध नसताना!

जोर किती लावावा, याचेही गणित आहे. दांडा पिळवटण्यास लागणारे बलयुग्म व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गंजाची पकड मात्र, आट्यांची लांबी तीच धरली तर, व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून लहान बोल्ट तुटतात आणि मोठे सुटतात. साध्या पोलादाचा ६ मि.मी.चा बोल्ट घेतला, तर आट्यांच्या तळाशी त्याची खरी जाडी सुमारे ५ मि.मी. भरते. साधारण सात न्यूटन-मीटरला तो पिळवटू लागतो. १५ सें.मी. लांबीच्या पान्याच्या टोकाला हे म्हणजे जेमतेम पाच किलो वजन. शाळकरी मुलगाही तेवढा जोर देऊ शकतो. याच्या दुप्पट जाडीच्या बोल्टला आठपट, म्हणजे चाळीस किलो लागतील. मोठ्या नटावर सवय झालेला हात लहान नटावर तसाच चालतो आणि घात होतो.

मग सोडवायचे कसे? तारकर्लीत एका चिऱ्याच्या घराच्या मांगरात आम्ही एका मेस्त्र्याला जुन्या जीपच्या सायलेन्सरच्या जोडाचे चार नट सोडवताना पाहिले. त्यांनी पहिल्या दिवशी पानाच लावला नाही. तारेच्या ब्रशने आटे घासले, प्रत्येक नटावर हातोडीने हलके ठोके दिले, डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडले आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरधन्याने ‘‘मेस्त्री, आज तरी खोलतलास मां?’’ असे विचारले तेव्हा ‘‘घाई असली तर कापून देतंय’’ एवढेच ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी चारांपैकी तीन नट सुटले.

या वाट पाहण्याला शास्त्रीय आधार आहे. तेल बारीक फटीत शिरते ते केशाकर्षणाने. १९२१ साली एडवर्ड वॉशबर्न यांनी दाखवले की असा द्रव आत किती अंतर जाईल हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एका तासात दोन मि.मी. गेला असेल, तर चार मि.मी. जायला चार तास आणि आठ मि.मी. जायला सोळा तास लागतील. रात्रभर ठेवणे ही आळसाची सबब नाही. तेल जितके पातळ तितके लवकर जाते, म्हणून डिझेल. आणि ठोक्यांनी ठिसूळ गंजाला तडे जातात, म्हणजे तेलाला वाट मिळते. बाजारात मिळणारा डब्ल्यूडी-४० हा फवारा याच कामाचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका लहान कंपनीने तो केला तो अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरून पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात चाळीस. तो गंज होऊ न देण्यासाठी चांगला, झालेला गंज फोडण्यासाठी डिझेलचे मिश्रण आणि धीर यांपुढे तो फार सरस आहे असे आम्हांला वाटत नाही.

चौथ्या नटाला मेस्त्र्यांनी गॅस मारला. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते हे १८९५ साली फ्रेंच रसायनज्ञ ल शातलिए यांना आढळले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तिची हातात धरायची टॉर्च झाली. मोटार आणि ही ज्योत साधारण एकाच वयाच्या आहेत. १० मि.मी. भोकाचा पोलादी नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला, तर भोक सुमारे ०.०३६ मि.मी.ने मोठे होते. यात ‘बोल्टपेक्षा’ हा शब्द महत्त्वाचा. दोन्ही सारखेच तापले तर फायदा नाही, म्हणून ज्योत झटपट आणि नटावरच फिरवायची. नट किंचित थंड झाला की मेस्त्र्यांनी त्याला मेणबत्ती टेकवली. वितळलेले मेण आट्यांत ओढले गेले, थोडा धूर आला आणि पाना फिरला. शेजारी पेट्रोलची टाकी किंवा नळी असेल तर ती आधी काढून दूर ठेवावी, हे सांगणे नको.

बोल्ट तुटून आत राहिलाच तर? बाहेर थोडा दांडा शिल्लक असेल तर त्यावर नवा नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारतात. पकडायला डोके मिळते आणि आतल्या दांड्याला उष्णताही मिळते; एका दगडात दोन पक्षी. दांडा पृष्ठभागाच्या खाली तुटला असेल तर मध्यभागी भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा निमुळता ‘इझी-आउट’ घालतात. आमचा सल्ला, लहान बोल्टसाठी तो शेवटचा उपाय मानावा. तो अतिकठीण पोलादाचा, म्हणून ठिसूळ असतो. तो आतच तुटला तर त्याला ड्रिल लागत नाही.

नेमक्या याच अडचणीतून एका मोठ्या उद्योगाचा जन्म झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९४० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग आणि बीव्हर या तिघांपुढे प्रश्न होता अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांत तुटून अडकलेल्या ड्रिल आणि टॅपचा. महागडा भाग फेकून द्यायचा, की टॅप काढायचा? टॅप कापण्याइतके कठीण हत्यार नव्हते. त्यांनी तो विजेच्या ठिणग्यांनी कणाकणाने उडवून दिला. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे दांपत्य विजेच्या स्विचांची टोके ठिणग्यांनी का झिजतात याचा शोध घेत होते. झीज थांबवता येईना, तेव्हा तीच झीज कामाला लावावी असे त्यांना सुचले. रॉकेलसारख्या विद्युत्-रोधक द्रवात दोन धातूंमध्ये नियंत्रित ठिणग्या पाडल्या, तर धातू कितीही कठीण असो, तो झिजतो. येथे कठीणपणाला किंमत नाही. आज पुण्या-कोल्हापूरच्या टूलरूममध्ये ‘स्पार्क इरोजन’ची यंत्रे साचे कोरताना दिसतात. त्यांच्या एका पूर्वजाचे काम तुटका टॅप काढणे हेच होते.

फियाटचे दुखणे थोडे वेगळे. मुंबईची काळी-पिवळी म्हणून सर्वांना परिचित असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ घ.सें.मी. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि त्यांना बांधणारे स्टड पोलादाचे. ‘अलार्म’ जहाजाची गोष्ट आठवा. येथे अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते व त्याचे पांढरे ऑक्साइड-हायड्रॉक्साइड स्टडभोवती घट्ट बसते. हेड वर निघतच नाही. पहारीने उचकटले की ते वाकते वा चिरते. पण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे सारे हेड सावकाश शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवले तर स्टडभोवतीची पकड सैल होते. टॅक्सींच्या गॅरेजमधील कारागिरांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. पद्मिनीचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटच्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. ते हातही आता दुसऱ्या कामाला लागले आहेत. नवे भाग मिळत नाहीत तेथे जुना भाग न मोडता काढणारा माणूस हीच खरी चणचण आहे, आणि त्याने काय केले हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

बोल्ट निघाल्यावर भोकाचे आटे टॅप फिरवून साफ करावेत, नवा बोल्ट त्याच आट्यांचा आहे याची हाताने फिरवून खात्री करावी आणि ग्रीस लावूनच बसवावा. समुद्रकाठी तर ग्रीस कोरडे जोड बसवण्याला पर्याय नसून ती अटच आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस पोलादाचा बोल्ट चकाकतो म्हणून घालण्याचा मोह होतो. खाऱ्या हवेत तो अ‍ॅल्युमिनियम लवकर खातो.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. एकाच मापाचे आठ लोखंडी नट-बोल्ट घ्यावेत. दोन कोरडे, दोन ग्रीस लावून, दोन मेण लावून आणि दोन पितळी नट घालून, एकाच मुलाने एकाच पान्याने आवळावेत. जूनमध्ये ते मिठाच्या पाण्यात बुडवून काढून शाळेच्या पडवीत टांगावेत आणि दर आठवड्याला पुन्हा बुडवावेत. दिवाळीच्या सुटीनंतर प्रत्येक बोल्ट व्हाइसमध्ये धरावा, रिंग पान्याच्या टोकाला तानकाटा अडकवून हळूहळू ओढावे आणि नट हलला त्या क्षणी काटा कोठे होता ते मुलांनी लिहून ठेवावे. एखादा तुटला तर तुटलेल्या जागी त्याचा व्यास मोजावा.